भिंतीवरचे फोनचे डबे एकदाचे काढले

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं आमचं घर चिऱ्यांचं, जुनं. चवथीआधी रंग लागायचा तेव्हा रंगारी फोनच्या डब्यांवरूनही ब्रश फिरवायचा. थरावर थर चढून डबे भिंतीतूनच उगवल्यासारखे दिसत होते. बसायच्या खोलीत तर सगळा संसारच मांडलेला: २००० साली बीएसएनएल होण्याआधीच्या दूरसंचार खात्याचा रोझेट बॉक्स, म्हणजे फोनची वायर जोडायचा डबा, त्याखाली फोन आणि नेट वेगळं करणारा ब्रॉडबँडचा स्प्लिटर, आणि शेजारी फायबर बसवणाऱ्याने खिळ्याला अडकवून ठेवलेलं केबलचं भेंडोळं. गणपती बसतो आणि त्याच्यावर फळाफुलांची माटोळी बांधतो ती जागा नेमकी हीच. दरवर्षी हे पडद्याआड लपवण्याचा मला मनापासून कंटाळा आला होता. म्हणून यंदा मे महिन्यात, भिंती कोरड्या असताना, काम काढलं. पावसात चिऱ्याच्या भिंतीतली ओल जात नाही आणि पुट्टी धरत नाही.

सासऱ्यांची एकच अट होती: “नंबर जाता कामा नये. पाहुण्यारावळ्यांकडे तोच लिहिलेला आहे.” त्यात अडचण नव्हती, कारण फायबर घेताना नंबर त्यावरच आला होता. ओएनटीच्या, म्हणजे फायबरच्या पेटीच्या, मागे फोनसाठी वेगळं भोक असतं. म्हणजे जुनी तांब्याची लाइन आता निरुपयोगी, असं मला वाटलं.

वायरमन मात्र म्हणाला, “वहिनी, आधी मीटर लावूया. मेलेली वाटते ती वायर कधी जिवंत निघते.” चालू लाइनवर फोन ठेवलेला असताना साधारण ४८ व्होल्ट डीसी दिसतो, आणि घंटा वाजताना त्यावर ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो, तो हाताला चांगलाच जाणवतो. आमच्या वायरींवर काहीच दिसलं नाही, तेव्हाच पक्कड हातात घेतली. तुमची तांब्याची लाइन चालू असेल, तर बाहेरून येणाऱ्या वायरीला आणि पहिल्या डब्याला हात लावू नका, ते काम लाइनमनचं. त्यापुढची घरातली वायर आपली.

रोझेटचं झाकण उघडलं तर आत स्क्रूंवर हिरवट बुरशीसारखा थर. आपल्या खाऱ्या, दमट हवेत तांब्याचं हेच होतं. जुन्या ब्रॉडबँडच्या काळात पाऊस लागला की नेट का तुटायचं, त्याचं निदान एक कारण डोळ्यांसमोर होतं. झाकण काढण्याआधी रंगाच्या कडेवरून कटरचं पातं फिरवलं होतं, नाहीतर भिंतीचा पोपडाच सोबत येतो.

मग वायरी. क्लिपांनी भिंतीवर ठोकलेली जुनी वायर सगळी काढली, फक्त आतल्या खोलीकडे जाणारी एक जोडी ठेवली. सासऱ्यांचा फोन तिथे असतो. या जोडीचं बाहेरच्या लाइनशी असलेलं नातं आधी पूर्ण तोडलं, मगच तिचं टोक ओएनटीच्या फोनच्या भोकाला जोडलं. हा क्रम चुकवायचा नाही. बाहेरची वायर जोडलेली राहिली आणि तिच्यावर व्होल्टेज असलं, तर ओएनटी जळू शकते.

फायबरचं भेंडोळं मला कापून छोटं करायचं होतं. ते मी केलं नाही, आणि कुणी घरी करूही नये. काचेचा धागा पुन्हा जोडायला स्प्लाइसिंगचं मशीन लागतं. त्याऐवजी एक मोठा डबा घेतला, त्यात केबल तळहाताएवढ्या सैल वेटोळ्यात ठेवली, कारण घट्ट वाकवली की प्रकाश गळतो आणि ओएनटीवर लाल दिवा लागतो. टोकाचा हिरवा कनेक्टर निळ्याशी जोडायचा नाही, दोन्हींची टोकं वेगळी घासलेली असतात. निघालेल्या टोकात डोळा घालून बघायचं नाही, आतला लेझर डोळ्याला दिसत नाही.

दुसऱ्या खोलीच्या कामाच्या टेबलासाठी कॅट सिक्स, म्हणजे नेटची, केबल टाकली. अस्सल तांब्याचीच मागा, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागले तेव्हाच प्लेट बसवली. ही केबल विजेच्या वायरीच्या पाइपातून नेली नाही, वेगळी पट्टी लावली. वायरमनला पाइप सोपा वाटत होता, पण इथे मी हट्ट धरला.

भिंतीतल्या जुन्या भोकांत पुट्टी भरली. चिरा भुसभुशीत असतो, त्यात जुने प्लग टिकत नाहीत, म्हणून नव्या डब्यासाठी लांब स्क्रू आणि मोठे प्लग वापरले. जिथे जुना धातूचा डबा भिंतीत पुरलेला होता, तिथे कोरी प्लेट लावून मोकळी झाले, तो उकरायचा तर भिंतच फोडावी लागली असती.

बाहेर खांबावरून ओसरीपर्यंत आलेली जुनी वायर अजून लोंबते आहे. ती काढायचा अर्ज दिला आहे.