तुम्ही विचारलंत म्हणून: तिला सरळ पैसे का देत नाही?

धाकट्या बहिणीचा वाढदिवस जवळ आला की मी महिनाभर आधीपासून कुरकुरत असतो, आणि दर वर्षी तुमचा तोच प्रश्न येतो: "एवढे नखरे करते, तर सरळ पैसे का देत नाहीस?"

दिले होते. एकदा. "मिळाले" एवढंच उत्तर आलं. एरवी ती प्रत्येक भेटीवर अर्धा तास बोलते: हाच रंग का, पावती ठेवलीस का, दुसरा आकार नव्हता का. त्या एका शब्दापेक्षा तो अर्धा तास परवडला.

अर्थशास्त्र तुमच्या बाजूने आहे, कबूल. जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९९३ साली हिशेब मांडला होता की, नाताळच्या भेटींच्या किमतीतला दहावा ते तिसरा हिस्सा वायाच जातो. ज्याला मिळतात त्याच्या लेखी त्यांचं मोल तेवढं नसतं. पण भावनिक मोल बाजूला ठेवून किंमत सांगा, असं त्याने विचारलं होतं. आमची भांडणं नेमकी त्या बाजूला ठेवलेल्या भागावरून होतात.

पेनाचंच घ्या. तिच्या तिसाव्या वाढदिवसाला मी कधी नव्हे ते न विचारता शाईचं पेन आणलं. जाड निबचं, भरभरून शाई सोडणारं. दुकानात स्वतः दोन ओळी लिहून पाहिल्या आणि खूश झालो. तिने टोपण काढलं, नाव लिहिलं, हात पुढे सरकला आणि त्या नावावरूनच निळा फराटा ओढला गेला. तळहाताची कड तिने माझ्यासमोर धरली.

"दादा, मी डावखुरी आहे."

उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा हात कोऱ्या कागदावरून पुढे जातो, तिचा नुकत्याच लिहिलेल्या अक्षरांवरून. बारीक निब आणि लवकर वाळणारी शाई घेतली असती तर भागलं असतं. आणि मला माहीत नव्हतं असंही नाही. लहानपणी तिचा अभ्यास घेताना डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात कोंबणारा मीच. घरच्यांनी सांगितलं होतं म्हणून, असं मी अजून म्हणतो. ते रोज सांगत नसत. मी रोज करायचो.

त्या संध्याकाळी मात्र मी म्हणालो, "तुला काही आवडतच नाही." तिने टोपण लावलं आणि पेन डबीत ठेवलं. आता ते माझ्याकडे आहे. छान चालतं.

तेव्हाचा मी आजही वाद घालतो: एवढ्या हौसेने आणलं, त्याचं काहीच नाही? आहे की. पण ती हौस माझी होती, दोन ओळीही माझ्याच हाताच्या.

यंदा तिचा निरोप आलाय: "वही चालेल. स्प्रिंगवाली नको." आधी चिडलो. मग घरातल्या स्प्रिंगच्या वहीवर डावा हात टेकवून लिहून पाहिलं. मनगटाला तार टोचली.

पुढे लिहिलंय, "कव्हर करडं, राखाडी नको." याला मात्र काही कारण नाही. हा निव्वळ हट्ट आहे.