जोसेटच्या घरची दासी

आम्ही लिहीत असलेल्या मालिकेतला, वाड्याचा भूतकाळ दाखवणारा ट्रॅक, म्हणजे कथेचा तेवढा धागा, चॅनलकडून तिसऱ्यांदा परत आला होता आणि आमच्याकडे तयार भागांची बँक उरली होती फक्त दोन भागांची. अशा वेळी मी 'डार्क शॅडोज' काढतो. त्या सकाळीही मीटिंगमध्ये लॅपटॉप फिरवून सगळ्यांना १७९५ चा ट्रॅक दाखवला.

ही अमेरिकेतली दुपारची डेली सोप १९६६ ते १९७१ चालली, १,२२५ भाग. पिशाच्च झालेला बार्नबस कॉलिन्स १९६७ मध्ये आला आणि मालिका त्याचीच झाली. तो असा का झाला, हे सांगायला लेखकांनी घरातल्या मुलाच्या शिक्षिकेला, व्हिक्टोरियाला, प्लँचेटच्या बैठकीतून थेट १७९५ मध्ये नेलं. रोजचेच नट पूर्वजांच्या वेशात उभे राहिले. ओळखीचे चेहरे, पण नाती वेगळी. नुसत्या याच गोष्टीने अंगावर काटा येतो.

मला मात्र खरी मोठी वाटते ती अँजेलिक. मार्टिनिकहून आलेली दासी. बार्नबस तिथे तिच्यात गुंतला होता आणि आता लग्न करतोय, ज्या घरची ती दासी त्याच घरच्या जोसेटशी. करणी, द्वंद्वयुद्ध, शेवटी शाप, सगळं त्या एका दुखावलेल्या बाईतून निघतं. बार्नबसचं काय होणार हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतं, तरी तो हलत नाही, कारण त्याला तिचं दुःख पटलेलं असतं.

"दादा, पण ही व्हिक्टोरिया ते पुस्तक लपवत का नाही?" आमच्या सहायक लेखिकेने विचारलं. व्हिक्टोरियाजवळ कॉलिन्स घराण्याच्या इतिहासाचं पुस्तक आहे, ती पुढचं बोलून जाते, चेटकीण ठरते, खटला लांबत राहतो. उत्तर सरळ होतं. ती शहाणी झाली तर भाग संपतील. नायिकेला मुद्दाम अडाणी ठेवून ओढलेली गोष्ट मला सहन होत नाही. इतक्या सुंदर ट्रॅकमधला तो दोष दरवेळी खुपतो.

मग मी आमची वन-लाइन, म्हणजे सीनचा थोडक्यात आराखडा, वाचली. आमची नायिका बंद खोलीत सहाव्यांदा एकटी जात होती. ते मीच लिहिलं होतं.

"मग भाग भरायचे कशाने?" मालिकेची क्रिएटिव्ह बाजू बघणाऱ्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. जेवण तसंच राहिलं. खोलीत मेलेल्या बाईला आम्ही नुसतीच पैंजणं वाजवायला ठेवली होती. तिला नवरा, सवत, माहेर मिळालं. रात्री नऊला नवी वन-लाइन गेली. तिच्या पहिल्याच सीनमध्ये नायिका खोलीला कुलूप लावते आणि किल्ली सासूच्या हातात देऊन विचारते, "आत कोण राहायचं, आई?"