कुर्डुवाडीवरून माथेरान : सोलापूरकरांचा नॅरोगेज प्रवास

सोलापूरकर माथेरानला जातात ते बहुतेक स्वतःच्या गाडीने. पुणे, लोणावळा, कर्जत, नेरळ करत थेट दस्तुरी नाक्यावर, म्हणजे मोटारी थांबतात तिथे, गाडी लावायची, जवळच्या अमन लॉज स्टेशनापासून छोट्या गाडीच्या शटलमध्ये बसून चार फोटो काढायचे आणि ‘झाली मिनी ट्रेन’ म्हणायचं. या वेळी आम्ही ठरवून सगळा प्रवास रुळांवरून केला आणि वाटेत मुद्दाम कुर्डुवाडीला उतरलो. बरोबर बायको, सातवीतला पुतण्या आणि बार्शीचे मामा. मामांना गुडघ्याचा त्रास आहे, त्यामुळे पुढे जे सांगतोय ते वयस्कर माणसांना सोबत नेणाऱ्यांच्याही उपयोगाचं आहे.

कुर्डुवाडी कशासाठी, हे आधी सांगतो. माथेरानच्या गाडीचे डबे आणि इंजिनं मोठ्या देखभालीसाठी कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये येतात. डोंगरातली गाडी आणि तिचा दवाखाना आपल्या माळरानावर! कारण सरळ आहे. नॅरोगेजचं, म्हणजे अरुंद रुळांच्या गाडीचं, काम हाताला माहीत असलेली माणसं इथे तयार झाली, ती बार्शी लाइटमुळे.

बार्शी लाइट रेल्वेची हकिगत आपल्याच जिल्ह्यातल्या नव्या पोरांना ठाऊक नाही. १८६० मध्ये जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, सोलापूरपर्यंत आली, पण बार्शीची एवढी मोठी बाजारपेठ बाजूलाच राहिली. कापूस आणि धान्य बैलगाड्यांनी स्टेशनपर्यंत आणावं लागे. त्या स्टेशनाचं नाव तेव्हा बार्शी रोड होतं, तेच आताचं कुर्डुवाडी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ही नड हेरली. १८९५ मध्ये लंडनला कंपनी काढली आणि १८९७ मध्ये बार्शीपर्यंत गाडी धावू लागली. रुळांतलं अंतर अवघं अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर.

या माणसाचं डोकं कसं चालायचं ते बघण्यासारखं आहे. त्याने अट घातली की कुठल्याही वाहनाच्या एका ॲक्सलवर, म्हणजे चाकांची जोडी जोडणाऱ्या आसावर, पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये, इंजिनाच्यासुद्धा. मग इंजीन जड हवं असेल तर काय करायचं? चाकं वाढवायची. म्हणून लीड्सच्या किटसन कंपनीने बनवलेल्या पहिल्या इंजिनांना आठ चालती चाकं आणि मागे आणखी चार. भार असा वाटला गेल्यामुळे हलके, स्वस्त रूळ पुरले, आणि त्यावर बोगीचे लांब वाघिणी-डबे भरभक्कम माल घेऊन जाऊ लागले. छोटी लाइन म्हणजे दुय्यम काम, हा समज या माणसाने बार्शीत खोटा पाडला.

पुढे फाटे फुटत गेले. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटरची लाइन. १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेतली. आषाढीला या गाडीच्या टपावरही वारकरी बसलेले असायचे. मामा त्यातले एक. ‘‘आरं, आत बसायला तिकीट लागायचं, टपावर विठ्ठलाचा पास!’’ हे पुतण्याला त्यांनी इतक्या अभिमानाने सांगितलं की रेल्वे पोलिसाने ऐकलं असतं तर आजही दंड केला असता.

एकविसावं शतक उजाडलं तशी टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची मोठी लाइन, आली आणि २००८ च्या अखेरीस शेवटचा पंढरपूर-मिरज तुकडाही बंद झाला. ते व्हायलाच हवं होतं. लातूरचा माणूस एकदा गाडीत बसला की मुंबईला उतरतो आणि धाराशिव पहिल्यांदा रेल्वेच्या नकाशावर आलं, ते त्यामुळेच. जुन्या लाइनने धाराशिवला टाळून येडशीवरून लातूर गाठलं होतं, नवीने वळसा घेऊन गाव जोडलं. माझी तक्रार एवढीच की सव्वातीनशे किलोमीटरमधला एखादा तरी किलोमीटर चालू स्थितीत ठेवायला हवा होता. याच कॅलथ्रॉपने इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची याच गेजची लाइन बांधली. ती १९०४ ला सुरू झाली आणि १९३४ ला बंदही पडली. तिथल्या लोकांनी तीन वर्षांत त्या मार्गाची पायवाट करून टाकली, आजही लोक तिथे फिरायला जातात. आपल्याकडे येडशीजवळ बालाघाट चढणारा रामलिंगचा घाट काय कमी देखणा आहे? अभयारण्य आहे, देऊळ आहे, पावसाळ्यात धबधबा आहे. ज्यांना माथेरान लांब वाटतं त्यांनी निदान कुर्डुवाडीहून लातूरच्या गाडीत बसून पांगरी ते येडशी हा टप्पा श्रावणात खिडकीतून बघावा.

कुर्डुवाडीत वर्कशॉपच्या आत जाता येईल अशा आशेवर जाऊ नका. रेल्वेची लेखी परवानगी नसेल तर फाटकावरूनच परतावं लागतं. आम्ही बाहेरूनच हिंडलो. गावात कुणालाही विचारा, घरातला कोणीतरी वर्कशॉपच्या भोंग्यावर कामाला गेलेला असतो. चहाच्या टपरीवर मामांना गप्पांना माणसं मिळाली आणि आमची संध्याकाळ छान गेली. फक्त एक लक्षात घ्या, माथेरानचे डबे इथून रुळांवरून जात नाहीत. माथेरानची लाइन दोन फुटी, बार्शीची अडीच फुटी होती, आणि मध्ये ब्रॉडगेजचे सुमारे तीनशे किलोमीटर. प्रत्येक डबा उचलून न्यावा आणि आणावा लागतो.

आता पुढचा प्रवास. रात्री कुर्डुवाडीहूनच सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडली. आरक्षण करताना चढण्याचं ठिकाण कुर्डुवाडी टाका, नाहीतर सोलापूरहून आला नाहीत म्हणून बर्थ दुसऱ्याला गेला असं व्हायचं. नेरळला लांब पल्ल्याच्या गाड्या सहसा थांबत नाहीत. आम्ही पहाटे कल्याणला उतरून कर्जतची लोकल धरली. लोकल उलट दिशेची, त्यामुळे सकाळी बसायला जागा मिळते. कर्जतला थांबणारी गाडी मिळाली तर आणखी सोपं, तिथून नेरळ जवळच आहे.

नेरळला छोट्या गाडीच्या तिकिटाची खिडकी वेगळी आहे आणि खरी गंमत तिथेच. सकाळी वर जाणाऱ्या गाड्या मोजक्या, डबे चिमुकले. तिकीट गाडीच्या आधी थोडा वेळ खिडकीवरच मिळतं. शनिवार-रविवार असेल तर एकाने थेट रांगेत उभं राहायचं आणि दुसऱ्याने वडापाव आणायचा. बाहेर टॅक्सीवाले ‘गाडी फुल्ल झाली’, ‘आज बंद आहे’ असं सांगतील. आम्हालाही सांगितलं. खिडकीवर जाऊन स्वतः विचारल्याशिवाय विश्वास ठेवू नका. डब्यात स्वच्छतागृह नाही आणि वर पोचायला अडीच-पावणेतीन तास लागतात, तेव्हा ते काम नेरळलाच उरका. ज्यांना घाटात मळमळतं त्यांनी पोट हलकं ठेवा. मामांना पायरी उंच वाटली नाही, पण बाक अरुंद आणि गुडघे समोरच्याला लागतात. मोठ्या बॅगा आणल्यात तर सहप्रवासी मनातल्या मनात शिव्या देतील.

गाडीला वेळ असेल तर नेरळला मांडून ठेवलेलं वाफेचं इंजीन नीट वाकून बघा. सगळे त्याच्यासमोर सेल्फी काढतात आणि चाकांकडे कुणी बघत नाही. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची अशी चार इंजिनं इथे होती, ७३८ ते ७४१ क्रमांकांची. त्यातलं ७४० आता इंग्लंडमध्ये आहे. सहा चाकं, तीन ॲक्सल. मधला ॲक्सल पक्का. पुढचा आणि मागचा मात्र पोकळ नळीसारखा, आणि त्या नळीच्या आतून दुसरा भरीव ॲक्सल जातो. दोघांचा सांधा बरोबर मध्यावर, गोल उखळीचा. भरीव ॲक्सल चौकटीत सरळ राहून फिरतो, बाहेरची नळी चाकांसकट वळणाच्या बाजूला तिरकी होते. म्हणूनच चौकट आणि दांडे चाकांच्या बाहेरच्या अंगाला दिसतात. ही युक्ती नसती तर या लाइनवरची साठ फूट त्रिज्येची वळणं त्या इंजिनाला घेताच आली नसती. पुतण्या जमिनीवर जवळजवळ झोपूनच बघत होता. ‘‘मामाआजोबा, बार्शीच्या इंजिनाला पण असंच होतं का?’’ मामा म्हणाले, ‘‘आमच्याकडं एवढी वळणं कुठली? सरळ माळ. चाकं जास्त होती, नखरे कमी.’’

ही लाइन बांधली सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशावर त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन याने. खर्च सोळा लाख रुपये, काम सुरू झालं १९०४ मध्ये आणि २२ मार्च १९०७ ला गाडी धावली. एका घराने स्वतःच्या खिशातून डोंगरावर रेल्वे नेली, ही गोष्ट मला तरी अजून पचत नाही. चढ काही ठिकाणी विसास एक, म्हणजे वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. उटीच्या गाडीला दातेरी पट्टीचा आधार आहे, इथे नुसती चाकं आणि रूळ.

जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्टेशनं घेत गाडी चढते. बसायची बाजू कुठली, यावरून घरात भांडू नका. वळणं इतकी आहेत की दरी कधी या खिडकीत, कधी त्या खिडकीत. वन किस टनेल हा लाइनवरचा एकमेव बोगदा. तो संपेपर्यंत लोक ओरडतात. मामा-मामींचा विषय निघाला आणि मामांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

मी मात्र बघत होतो ते रुळांच्या कडेला. ही लाइन पावसाने पुन्हा पुन्हा मोडली आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात वाहून गेली ती मार्च २००७ मध्ये परत सुरू झाली. मे २०१६ मध्ये डबे घसरल्यावर बंद झाली, आणि नेरळपासूनची गाडी जानेवारी २०१८ मध्ये सुटली, तेव्हा डब्यांना एअर ब्रेक आले होते. २०१९ च्या पावसाने पुन्हा खाल्ली आणि २२ ऑक्टोबर २०२२ ला ती पुन्हा उभी राहिली. शेवटच्या दुरुस्तीच्या खुणा गाडीतून दिसतात. सिमेंटचे स्लीपर, दरीच्या कडेला लोखंडी कठडे, आणि उतारावर तारेच्या जाळीत दगड भरून रचलेल्या भिंती. त्या भिंती दिसायला ओबडधोबड आहेत, पण तिथे त्याच योग्य. पक्क्या भिंतीमागे पाणी साचतं, फुगतं आणि भिंतीसकट रूळ घेऊन जातं. दगडांच्या जाळीतून पाणी झिरपून जातं, माती मागे राहते. आपल्या सोलापुरात वर्षभरात पडतो तेवढा पाऊस इथे एखाद्या जोरदार आठवड्यात पडतो, हे डोक्यात ठेवून त्या भिंती बघा.

म्हणूनच जून मध्य ते ऑक्टोबर मध्य नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते. त्या काळात फक्त अमन लॉज-माथेरान शटल मिळते. पावसाळा उठला की गाडी कधी सुरू होते ते रेल्वेकडून विचारून मगच मोठ्या गाडीचं आरक्षण करा. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ मला सगळ्यात बरा वाटला.

वर पोचल्यावर नगरपरिषदेचा माणशी कर भरावा लागतो, सुटे पैसे हाताशी ठेवा. गावात मोटारींना बंदी, त्यामुळे पायी, घोडा किंवा ई-रिक्षा. ज्येष्ठांसाठी मुक्काम बाजारपेठेच्या जवळ घ्या. स्वस्तातली लांबची खोली घेतलीत तर वाचलेले पैसे घोडेवाला घेऊन जाईल. लाल धूळ कशालाही सोडत नाही, पांढरे बूट घरी ठेवा. माकडं पिशवी ओळखतात. आमच्या शेंगाचटणीचं पुडकं एका माकडाने नेलं, उघडलं, चाखलं आणि फेकून दिलं. कडक भाकरी बॅगेच्या तळाशी होती म्हणून वाचली, आणि शार्लोट तलावापाशी तीच दह्याबरोबर खाल्ली. रात्री गारवा असतो. चादर न्यायला सोलापूरकराला सांगायला नको.

परतीला दुपारची गाडी घेतली तर संध्याकाळी नेरळ, तिथून लोकलने कल्याण आणि रात्री सिद्धेश्वर. परतीचं छोट्या गाडीचं तिकीट माथेरान स्टेशनवर मिळतं, तिथेही लवकर जा. ते नाही मिळालं तर शटलने अमन लॉज आणि दस्तुरीहून टॅक्सीने नेरळ. टॅक्सी माणशी भरते, भाडं आधी ठरवा. सिद्धेश्वर कल्याणला रात्री उशिरा येते, तोवर मोठ्या माणसांना बसायला प्रतीक्षालय गाठा, फलाटावर जागा मिळत नाही.