पानावरून कंदीलपुष्प ओळखू नये

अजिंठ्याच्या रांगेत, कन्नडकडच्या डोंगरातून वनरक्षकाने फोटो पाठवला. अरुंद पानांची वेल, फूल नाही, खाली ओळ: 'दुर्मिळ कंदीलपुष्प, मराठवाड्यात पहिली नोंद.' श्रावणात असे फोटो बरेच येतात. अडचण अशी की कंदीलपुष्पांच्या सेरोपेजिया गटातलीच सेरोपेजिया बल्बोसा, म्हणजे आपली खरपुडी, हिची पानं एका वेलीवर गोलसर तर दुसरीवर गवतासारखी चिंचोळी असतात.

वेल फुलावर आल्याचं कळलं तेव्हा परवानगीचा कागद घेऊन गेलो; अभयारण्याच्या हद्दीत त्याशिवाय पानही तोडता येत नाही. मुरमाड उतारावर उघड्यात एकही वेल नव्हती. होत्या त्या निवडुंगाच्या जाळीत, शेळीचं तोंड पोचत नाही तिथं. जाळीत वाकून न बघता पायवाटेवरूनच 'आढळली नाही' लिहिलेल्या याद्या किती असतील कोण जाणे.

झाडं मोजकीच असली की कंद उपटायचा नाही, कळ्यांसह वीतभर शेंडा पुरतो. आधी पट्टी शेजारी ठेवून फोटो, कारण अल्कोहोलमध्ये रंग उडतो. मग एक फूल ७० टक्के अल्कोहोलच्या कुपीत टाकलं, दुसरं ब्लेडने उभं चिरलं. हिरवट पांढऱ्या नळीत खाली वळलेले केस, तळच्या फुगीर भागात अडकलेली जिवंत चिलटं. केस सुकेपर्यंत त्यांना बाहेर पडता येत नाही. मधोमध दुहेरी किरीट, म्हणजे पाळ्यांचं मुकुटासारखं कडं: बाहेरच्या पाळ्या आखूड, दुभंगलेल्या, आतल्या पाच उभ्या, काडीसारख्या. ओळख पटते ती या किरीटावरून, आणि फूल दाबून वाळवलं की नेमका हाच भाग चपटा होतो. म्हणून कुपी हवीच.

निघाली बल्बोसाच. तरी त्या डोंगरापुरती नोंद करायची होती. व्ही. एन. नाईक यांच्या १९९८ च्या 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' या मराठवाड्यातल्या वनस्पतींच्या ग्रंथापासून सुरुवात करून वनस्पतिसंग्रहातले वाळवलेल्या नमुन्यांचे कागद चाळले. एका ठिकाणी याच रांगेतला जुना नमुना मिळाला: फूल नाही, लेबलवर नुसतं 'सेरोपेजिया'. असा नमुना होकारही देत नाही, नकारही. म्हणून मसुद्यातला 'प्रथमच' खोडून 'फुलासह खात्रीची नोंद' असं लिहिलं.

शेंडा कागदांत दाबून वाळत ठेवला होता, त्याचा कागद रोज बदलत राहिलो. दमट हवेत एक दिवस चुकला तरी बुरशी धरते आणि पेरावर पानं गळतात. लेबलवर ठिकाण तालुक्यापर्यंतच लिहिलं. अक्षांश-रेखांश वनविभागाला दिले, छापले नाहीत. हिचा कंद खातात, आणि खणणारा निवडुंगाला घाबरत नाही.