एकच गाणं निवडायचं तर

इंग्लिश गायक-गीतकार पीटर गॅब्रिएलचा 'अप' हा अल्बम आला २००२ मध्ये. त्यानंतर स्वतःच्या नव्या गाण्यांचा त्याचा अल्बम आला तो थेट १ डिसेंबर २०२३ ला, 'आय/ओ'. मधल्या २१ वर्षांत तो काही गप्प बसला नव्हता. दुसऱ्यांची गाणी ऑर्केस्ट्रा घेऊन गायला, स्वतःची जुनी गाणी ऑर्केस्ट्रावर नव्याने बसवली, दौरे केले. पण त्याचं नवंकोरं काहीतरी हवं असलेले माझ्यासारखे लोक वर्षानुवर्षं नुसतं 'येतोय, येतोय' एवढंच ऐकत राहिले. इतकी वाट पाहिल्यावर हाती आलेल्या बारा गाण्यांतून एक बाजूला काढून 'हे माझं' म्हणणं जड जातं. तरी मी ते काढलं आहे, आणि का काढलं ते सविस्तर लिहावंसं वाटतंय. माझं गाणं 'प्लेइंग फॉर टाइम'.

हा अल्बम एकगठ्ठा आला नाही, हे आधी सांगायला हवं, कारण माझ्या निवडीत त्याचा मोठा वाटा आहे. २०२३ मध्ये दर पौर्णिमेला एक गाणं, असा त्याने नेम धरला. ६ जानेवारीला 'पॅनॉप्टिकॉम', ५ फेब्रुवारीला 'द कोर्ट', ७ मार्चला 'प्लेइंग फॉर टाइम', असं करत करत २७ नोव्हेंबरला 'लिव्ह अँड लेट लिव्ह'. ऑगस्टमध्ये दोन पौर्णिमा पडल्या, म्हणून त्या महिन्यात 'ऑलिव्ह ट्री' आणि 'लव्ह कॅन हील' अशी दोन मिळाली. अल्बमवर गाण्यांचा क्रमही हाच ठेवला. त्यामुळे डिसेंबरात अल्बम आला तेव्हा त्यात न ऐकलेलं असं काहीच उरलं नव्हतं.

काहींना यात मजा गेली असं वाटलं. मला उलट हीच पद्धत मनापासून आवडली. एरवी नवा अल्बम आला की पहिल्या ऐकण्यातच निम्मा निकाल लागतो. ज्या गाण्याचा ठेका जोरकस, ज्याचं ध्रुवपद लगेच तोंडात बसतं, ते पुढे जातं. नवव्या-दहाव्या नंबरवरचं शांत गाणं येईपर्यंत कान दमलेले असतात. इथे प्रत्येक गाण्याला आपला असा महिना मिळाला. त्या महिन्यात त्याच्याशी स्पर्धा करायला दुसरं कुणी नव्हतं. 'पॅनॉप्टिकॉम' आणि 'द कोर्ट' ही दोन्ही अंगात ताल भिनवणारी गाणी. त्यांच्या पाठोपाठ लगेच 'प्लेइंग फॉर टाइम' लागलं असतं तर पियानोचे पहिले स्वर ऐकून 'बरं, हे संथ दिसतंय' म्हणत लक्ष थोडं सैल पडलं असतं. मार्चमध्ये ते एकटंच आलं, आणि एकटंच ऐकलं गेलं.

आता गाणं.

सुरुवातीला पियानो आणि त्याचा आवाज, बाकी जवळजवळ काही नाही. गाणं आलं तेव्हा गॅब्रिएलला ७३ पूर्ण झाली होती. त्याच्या आवाजात पूर्वीपासून एक खर आहे, वरच्या पट्टीत गेला की ती जास्त जाणवायची. इथे तो खाली, मंद्रात गातो आणि ती खर शब्दांच्या कडेला ऐकू येते. ओळ संपताना श्वास सुटतो तोही ऐकू येतो. सफाईदार करायचं म्हणून तो पुसून टाकलेला नाही. पियानो त्याला घाई करत नाही. एक स्वरसमूह वाजतो, विरत जातो, आणि तो विरत असतानाच पुढची ओळ येते. हेडफोन लावून ऐकलं तर हा विरण्याचा भागच सगळ्यात सुंदर आहे. मी कितीदा तरी फक्त तेवढ्यासाठी गाणं मागे नेलं असेल.

मग तंतुवाद्यं येतात. अमुक क्षणी आली असं बोट ठेवून सांगता येत नाही. लक्षात येतं तेव्हा ती आधीपासूनच तिथे असतात. अर्ध्याहून जास्त गाणं सरल्यावर मात्र सगळं एकदम उसळतं. ड्रम्स येतात, ऑर्केस्ट्रा उभा राहतो, आवाज वर चढतो. इतका वेळ आवरून धरलेलं सगळं त्या थोड्या वेळात मोकळं होतं, आणि पुन्हा पियानोवर परत येतं. सहा मिनिटांहून थोडं मोठं गाणं आहे. त्यातला हा उसळण्याचा भाग त्या मानाने छोटा. तो लांबवायचा मोह कुणालाही झाला असता. त्याने तो टाळला, म्हणूनच दर वेळी तो भाग मला अजून हवा असतो.

गाणं काळाबद्दल आहे, आठवणींबद्दल आणि मरणाबद्दल. आपल्या प्रत्येकाच्या डोक्यात आठवणींचा एक अख्खा ग्रह साठवलेला असतो, अशी कल्पना त्यामागे असल्याचं त्याने सांगितलं होतं. ऐकताना मला तो ग्रह दिसतो असं म्हणणार नाही. पण माझं वय आता असं आहे की घरातल्या मोठ्या माणसांच्या आठवणी त्यांच्यापाशी हळूहळू कमी होताना मी पाहते आहे, आणि त्यांनी मला सांगितलेलं माझ्यापाशी उरतं आहे. कुणाच्या लग्नात कोण रुसलं होतं, कुठल्या घराला मागचं दार होतं. हे सगळं पुढे कुणाकडे जाणार, हा प्रश्न माझ्या मनात होताच. त्या प्रश्नाला साजेशी चाल मला या गाण्यात मिळाली. उत्तर त्यात नाही, आणि मला ते तिथे शोधायचंही नाही.

या गाण्याचा आणखी एक इतिहास आहे, आणि तो कळल्यावर माझा जीव त्याच्यात जास्तच गुंतला. १९८६ च्या 'सो' या अल्बमला २५ वर्षं झाली म्हणून २०१२ पासून त्याने 'बॅक टू फ्रंट' नावाचा दौरा केला होता. त्या कार्यक्रमांची सुरुवात तो सभागृहातले दिवे चालू ठेवून, एका अर्धवट गाण्याने करायचा. स्वतः पियानोवर, बाजूला बासवर टोनी लेव्हिन. शब्द पुरते झालेले नव्हते. जिथे ओळ नव्हती तिथे तो नुसते ध्वनी गायचा. हजारो लोकांनी तिकीट काढून यायचं आणि इतक्या मोठ्या गायकाने त्यांच्यासमोर पहिल्यांदा मांडायचं ते न झालेलं काम! ते अर्धवट गाणं म्हणजेच पुढचं 'प्लेइंग फॉर टाइम'. दहा-अकरा वर्षं ते त्याच्यापाशी होतं. काळावरचं गाणं पुरं व्हायला इतका काळ लागला. त्या दौऱ्यातली ध्वनिमुद्रणं ऐकली की चाल तीच असल्याचं कळतं, पण गाणारा अजून चाचपडतो आहे. २०२३ मध्ये त्याला काय म्हणायचं आहे ते सापडलं आहे. ही दोन्ही रूपं लागोपाठ ऐकण्यासारखी आहेत.

दादाचं मत वेगळं आहे. गॅब्रिएल मला त्याच्यामुळेच ठाऊक झाला, तेव्हा त्याच्या मताला मी मान देते, पण इथे आमचं जमत नाही. त्याचं गाणं 'अँड स्टिल'. गॅब्रिएलने ते आईसाठी लिहिलं आहे. वडिलांवरचं गाणं त्याने वडील असतानाच केलं होतं. आईवर लिहायला मात्र ती गेल्यानंतर बराच काळ जावा लागला. गाण्यात एके ठिकाणी चेलो एकटा पुढे येतो आणि बाकी सगळं मागे सरकतं. ती जागा खरोखर फार मोठी आहे.

"मग त्यात कमी काय आहे ते तरी सांग," दादा म्हणाला.

"कमी काहीच नाही रे. पण ते त्याच्या आईचं गाणं आहे. मी दारात उभी राहून ऐकते. 'प्लेइंग फॉर टाइम'मध्ये मला आत येऊन बसता येतं."

"आपल्या आईला आठवून ऐक ना एकदा."

तसंही ऐकलं. रडू आलं. तरीही माझी निवड बदलली नाही. ज्या गाण्याने रडू येतं तेच सगळ्यात आवडतं, असं माझ्या बाबतीत होत नाही. मला असं गाणं जवळचं वाटतं ज्याच्यापाशी कुठल्याही मनःस्थितीत जाता येतं. 'अँड स्टिल'साठी मला मनाची तयारी करावी लागते.

बाकी दावेदार होते, नाही असं नाही. 'रोड टू जॉय' लागलं की मी बसून राहू शकत नाही. 'फोर काइंड्स ऑफ हॉर्सेस'मध्ये ब्रायन ईनो या संगीतकार-निर्मात्याचा हात आहे आणि त्यातलं दबलेलं, धोक्याचं वातावरण मला अजूनही ओढून घेतं. 'आय/ओ' या शीर्षकगीतात सोवेटो गॉस्पेल क्वायर हा दक्षिण आफ्रिकी गायकवृंद गाऊ लागतो तेव्हा घरात कुणी नसेल तर मीही गाते. 'लिव्ह अँड लेट लिव्ह'वर मात्र अन्याय झाला असं वाटतं. ते आलं आणि चारच दिवसांत अख्खा अल्बम आला, त्याला स्वतःचा महिना मिळालाच नाही. क्षमेबद्दलचं इतकं मोकळं गाणं शेवटच्या गर्दीत सापडलं.

या अल्बमने निवडणाऱ्यांपुढे आणखी एक पेच टाकला आहे. प्रत्येक गाण्याचं मिक्सिंग, म्हणजे ध्वनिमुद्रित केलेला आवाज आणि वाद्यं एकत्र बसवण्याचं काम, दोन जणांनी वेगवेगळं केलं आहे. मार्क 'स्पाइक' स्टेंटचं 'ब्राइट-साइड', चॅड ब्लेकचं 'डार्क-साइड'. (शिवाय हान्स-मार्टिन बुफने डॉल्बी ॲटमॉस या चहूबाजूंनी ऐकू येणाऱ्या ध्वनिपद्धतीत केलेलं तिसरंही आहे, 'इन-साइड' नावाचं, आणि त्याला २०२५ मध्ये ग्रॅमी मिळालं.) गॅब्रिएलच्या मते स्टेंट चित्रकार आणि ब्लेक शिल्पकार. मला हे वर्णन अगदी पटतं. 'फोर काइंड्स ऑफ हॉर्सेस' मी ब्लेकचंच ऐकते, तिथे प्रत्येक आवाजाला वजन आहे आणि मधल्या जागाही भरीव वाटतात. 'रोड टू जॉय' स्टेंटचं, कारण ते उजेडातलं गाणं आहे. बऱ्याच गाण्यांच्या बाबतीत 'कुठलं आवडतं' या प्रश्नाला 'कुणाच्या मिक्समधलं' हा दुसरा प्रश्न चिकटतो. 'प्लेइंग फॉर टाइम'ला तो चिकटत नाही. निदान माझ्या कानांना दोन्हीकडे ते गाणं आतून तसंच राहतं. पियानो आणि आवाज यांच्यावरच उभं आहे ते. त्यांना कुठूनही उजेड द्या, फरक फार पडत नाही.

दादाने शेवटी विचारलं की अजून पाच वर्षांनी हेच सांगशील का. सांगेन असं वाटतं. 'सो'मधलं माझं आवडतं गाणं दोनदा बदललं, ते मान्य. पण तेव्हा तो अल्बम कॅसेटवर होता, एका बाजूची गाणी ओळीने ऐकायची आणि मग बाजू उलटायची. एखाद्या गाण्याला इतका वेळ एकटं कधी भेटले नव्हते.

ज्यांनी 'आय/ओ' अजून ऐकलेला नाही त्यांना माझं सांगणं आहे, पहिल्या दिवशी सगळा ऐकू नका. ६८ मिनिटांचा आहे, आणि दोन्ही मिक्स धरले तर त्याच्या दुप्पट. 'प्लेइंग फॉर टाइम'पासून सुरू करा, कुठलंही मिक्स घ्या, आवाज जरा मोठा ठेवा म्हणजे सुरुवातीचा पियानो नीट पोचेल. पुढचं गाणं आपोआप सुरू होऊ देऊ नका. आठ-दहा दिवस तेवढंच ऐका, मग 'द कोर्ट' लावा.