राजाबाई स्कॉटची कोण?

ओव्हल मैदानाच्या कडेनं लोकांना जुनी मुंबई दाखवत फिरायचं, हा माझा उद्योग. राजाबाई टॉवरपाशी आलं की कोणीतरी हमखास विचारतं, "राजाबाई म्हणजे हे बांधणाऱ्या साहेबाची बायको का हो?" परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नाही. राजाबाई ही शेठ प्रेमचंद रायचंदांची आई. प्रेमचंदांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी २ लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी २ लाख रुपये दिले, म्हणून मनोऱ्याला तिचं नाव. आराखडा करणारा इंग्रज वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट तर मुंबईला कधी आलाच नाही. मनोरा पुरा झाला नोव्हेंबर १८७८ मध्ये. स्कॉट त्याच वर्षी मार्चमध्ये वारला होता.

बायको मात्र होती. कॅरोलाइन ऑल्ड्रिड, लिंकनशरमधल्या बॉस्टन गावची, त्याच्या नात्यातलीच. १८३८ मध्ये लग्न झालं तेव्हा स्कॉट विल्यम मॉफट नावाच्या भागीदाराबरोबर वर्कहाऊस बांधत होता. वर्कहाऊस म्हणजे गोरगरिबांना कामाच्या बदल्यात दोन घास आणि छप्पर देणाऱ्या त्या रुक्ष इमारती. पैसा येत होता, पण मॉफटशी पटेना. वेगळं व्हावं हे स्कॉटलाही कळत होतं, फक्त तोंड उघडत नव्हतं. शेवटी नवरा गावाला गेलेला बघून कॅरोलाइन ऑफिसात गेली आणि मॉफटला सांगून आली की भागीदारी संपली. स्कॉटनं स्वतःच हे आठवणींत लिहून ठेवलंय, म्हणून माझा विश्वास बसतो. माझ्या मते पुढची सगळी मोठी कामं त्या एका भेटीच्या बळावर उभी आहेत.

पुढे कामं इतकी आली की माणूस घरात टिकेना. ८०० च्या वर इमारतींशी त्याचं नाव जोडलेलं आहे. असं सांगतात, की एकदा कुठल्याशा स्टेशनावर उतरून त्यानं ऑफिसला तार केली, "मी इथे कशासाठी आलोय?" ऐकायला गंमत वाटते. घरात मात्र पाच मुलगे होते, आणि ते कोणाच्या जिवावर वाढले हे वेगळं सांगायला नको. तिसरा अल्बर्ट १८६५ मध्ये ऐन तारुण्यात गेला. शेवटचा ड्यूकिनफील्ड जीवाश्म वनस्पतींचा नामांकित अभ्यासक झाला. थोरले दोघे बापाच्याच धंद्यात.

कॅरोलाइन फेब्रुवारी १८७२ मध्ये गेली. स्कॉटला 'सर' ही पदवी मिळाली त्यानंतर, त्याच वर्षी. म्हणजे ती 'लेडी स्कॉट' कधी झालीच नाही. तिची कबर सरेमधल्या टँड्रिजच्या चर्चपाशी, आणि तिच्यावरचं स्मारक नवऱ्यानंच रेखलेलं. त्याला मात्र पुरलं वेस्टमिन्स्टर ॲबीत. मानाची जागा खरी, पण बायकोपासून लांब. मला हे फारसं रुचत नाही.

थोरल्या मुलाची कथा वाईट. त्याचंही नाव बापासारखंच, जॉर्ज गिल्बर्ट. कारागीर बापाच्या तोडीचा, काही जाणकार तर सरसच म्हणतात. पण दारू आणि वेड यांनी त्याला गाठलं; रीतसर चौकशी होऊन तो वेडा ठरवला गेला. १८९७ मध्ये तो मेला तो सेंट पँक्रस स्टेशनाच्या हॉटेलात, बापानं बांधलेल्या. मुलांना वाढवलं त्याच्या बायकोनं, एलननं. सायकलवरून ती पोरांना आसपासची चर्चं दाखवत हिंडायची.

त्यातल्या गाइल्सनं १९०३ मध्ये, अवघ्या २२ व्या वर्षी, लिव्हरपूल कॅथीड्रलच्या, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चच्या, आराखड्याची स्पर्धा जिंकली. लंडनचे लाल टेलिफोन बूथही पुढे त्याचेच. पण इतक्या पोरसवदा माणसावर एकट्यावर कॅथीड्रल सोपवायला समिती धजेना. त्यांनी जोडीला जॉर्ज बॉडली दिला: आजोबांचा शिष्य, शिवाय त्याची बहीण आजोबांच्या भावाला दिलेली. म्हणजे घरचाच माणूस. तरी दोघांचं जमेना. या खेपेला ऑफिसात जाऊन सोक्षमोक्ष लावायला कॅरोलाइन नव्हती. गाइल्स वैतागून राजीनामा द्यायच्या बेतात होता, तेवढ्यात १९०७ मध्ये बॉडली वारला आणि काम त्याच्या एकट्याच्या हाती आलं.