येवल्याची फेरी: आधी माग, मग दुकान

नाशिक जिल्ह्यातले येवला हे तालुक्याचे गाव दोन मोठ्या रस्त्यांच्या फुलीवर आहे. एक नाशिकहून निफाड-विंचूरमार्गे छत्रपती संभाजीनगरला जाणारा आणि दुसरा मनमाडहून कोपरगाव, शिर्डी करत नगरकडे उतरणारा. दोन्ही रस्ते भेटतात ती विंचूर चौफुली. शिर्डीचे दर्शन आटोपून परतताना इथे तासभर थांबायचे आणि पैठणी घेऊन निघायचे, असा बऱ्याच लोकांचा बेत असतो. तो बेत बदला. पैठणीसाठी येवल्याला यायचे तर पूर्ण दिवस काढा आणि सकाळ मागांवर, दुपार दुकानांत असा क्रम ठेवा. उलट केले तर दुकानदार सांगतो त्यातले निम्मे शब्द डोक्यावरून जातात आणि किंमत नेमकी त्या शब्दांतच लपलेली असते.

नाशिकहून अंतर ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. दौंड-मनमाड लोहमार्गावर येवल्याला स्टेशन आहे, पण तिथे थांबणाऱ्या गाड्या मोजक्या. लांबून येणाऱ्यांनी मनमाड जंक्शनला उतरून एसटी धरावी, ते अंतर तीस किलोमीटरच्या आतबाहेर. विमानाने येणाऱ्यांना शिर्डीचा विमानतळ सोयीचा. मुंबईहून स्वतःची गाडी असेल तर समृद्धी महामार्गाने शिर्डीला उतरून कोपरगाववरून या. दुचाकीला समृद्धीवर प्रवेश नाही. कोपरगाव ते मनमाड हा टप्पा अंधारात टाळलेला बरा. मनमाडजवळच्या पानेवाडीत तेल कंपन्यांचे डेपो असल्याने टँकरची वर्दळ सतत असते आणि गळीत हंगामात, म्हणजे दिवाळीनंतर साधारण मार्चपर्यंत, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मागचे दिवे नसतानाही बिनधास्त चाललेले असतात.

मंगळवार हा आठवडे बाजाराचा दिवस. भाजी, धान्य, कडधान्य घ्यायचे किंवा तालुक्याचा बाजार बघायचा तर मंगळवारच धरा. फक्त साडीसाठी येत असाल तर दुसरा कुठलाही दिवस बरा, कारण मंगळवारी जुन्या गावातल्या गल्ल्यांत चारचाकी घालणे म्हणजे स्वतःहून संकट ओढवून घेणे. गाडी चौफुलीच्या बाजूलाच लावून चालत आत जावे.

आता मागांविषयी. येवल्यात आणि नागडे, बल्हेगाव अशा आसपासच्या गावांत घरोघरी हातमाग आहेत. रेशीम बेंगळुरूच्या बाजूने येते, जर सुरतेहून. घरातल्या बायका कांड्या भरतात आणि बऱ्याच घरांत मागावरही बसतात. अमुक घरी चला म्हणून कुणी रिक्षावाला मागे लागला तर त्याचे कमिशन तुमच्याच बिलात येणार हे धरून चाला. एखाद्या दुकानात “आधी विणकाम दाखवा” म्हटले तरी बहुतेक ठिकाणी माग दाखवतात, कित्येकांचे माग दुकानाच्या मागच्याच खोलीत असतात. मात्र एक घोटाळा नेहमी होतो. मागावर चढलेली साडी आवडली की पाहुणे विणकरालाच तिची किंमत विचारतात. बहुतांश घरांत रेशीम आणि जर व्यापाऱ्याने दिलेली असते, विणकराची फक्त मजुरी असते. ती साडी विकायचा अधिकारच त्याच्याकडे नसतो, मग आग्रह करून त्याला अडचणीत कशाला आणायचे? स्वतःचा माल घालून विणणारेही आहेत; तसे आहे का, एवढेच आधी विचारावे. नक्षीच्या ग्राफचा फोटो न विचारता काढू नये. तो कागद ही त्या घराची कमाई आहे आणि नक्कल दुसऱ्याच दिवशी यंत्रमागावर चढू शकते.

मागापाशी बघायचे ते हे. पदरावरचा मोर किंवा कमळ विणताना विणकर प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी हाताने ताण्यात, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांत, फिरवतो. एक रंग संपतो आणि दुसरा सुरू होतो तिथे दोन्ही धागे एकमेकांत अडकवून परत फिरवतो. म्हणून हातविणीच्या पदराची मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्रमागाच्या सेमी पैठणीत मागे लांब तरंगणारे धागे असतात किंवा ते कापल्याच्या खुणा तरी असतात. ही परीक्षा सगळे सांगतात, पण अर्धीच सांगतात. ती पदराला आणि हाताने भरलेल्या बुट्ट्यांना लागू आहे. मुनिया ब्रोकेडचा, म्हणजे पोपटांच्या नक्षीचा, काठ हातमागावरही जॅकार्ड (नक्षीप्रमाणे धागे उचलणारी यंत्रणा) लावून विणतात, त्यामुळे अशा काठाच्या मागे सुटे धागे दिसले म्हणून साडी खोटी ठरत नाही. अर्धवट ऐकलेल्या ज्ञानावर चांगली साडी नाकारून वर दुकानदाराला सुनावणारी गिऱ्हाइके इथे रोज येतात.

शब्द थोडे पाठ असावेत. एकधोटी म्हणजे बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, एकच धोटा (तो धागा इकडून तिकडे नेणारे साधन). ताण्याचा रंग वेगळा असल्याने अंगात धूपछाव येते, काठ सहसा नारळी, म्हणजे नारळाच्या नक्षीचा, आणि बुट्टे बारीक. कडियलमध्ये दोन काठांना दोन आणि अंगाला एक असे तीन धोटे चालतात, म्हणून काठाचा रंग अंगापासून नीट सुटा राहतो. श्रम जास्त, किंमतही जास्त. सिंगल मुनिया, डबल मुनिया हे काठावरच्या पोपटांच्या रांगांवरून. बांगडी मोर, आसावली, अजंठा कमळ ही पदराची नावे. काळ्या अंगाला लाल काठ असेल तर चंद्रकळा, पांढरी शुभ्र ती शिरोदक.

किंमत तीन गोष्टींची असते: रेशीम, जर आणि वेळ. पहिल्या दोन्हींचा फरक हजारांत पडतो, तिसऱ्याचा लाखांत जाऊ शकतो. साध्या पदराची साडी पंधरा दिवस ते महिन्यात उतरते. अंगभर नक्षी आणि मोठा पदर असेल तर एका मागाचे कित्येक महिने जातात. शुद्ध रेशमाची हातमागावरची साधी सिंगल मुनिया साधारण आठ-दहा हजारांपासून पुढे मिळते, रेशीम महागले की तीही वर सरकते. याहून फारच खाली “प्युअर हँडलूम” म्हणून कुणी देत असेल तर ती सेमी आहे. सेमी घेण्यात काही वाईट नाही, वापरायला ती सोपीच. फक्त सेमीच्या भावात घ्या आणि बिलावर तसेच लिहून घ्या.

लेबलांविषयी गैरसमज फार. सिल्क मार्क रेशीम खरे असल्याचे सांगतो. माग हाताचा की यंत्राचा, यावर तो काहीच बोलत नाही. हँडलूम मार्क हातमागाचा आहे, रेशमाच्या शुद्धतेचा नाही. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि त्याचे चिन्ह लावण्याचा हक्क नोंदणी झालेल्या अधिकृत वापरकर्त्यांना असतो. भारी साडी घेताना पहिल्या दोन्ही खुणा मागाव्यात. जरीचे वेगळे विचारावे: चांदीची तार असलेली खरी जर आता मुद्दाम सांगूनच मिळते, नेहमीच्या मालात तांब्याच्या तारेची टेस्टेड जर असते आणि हलक्या मालात प्लास्टिकची. रेशमाची शंका असेल तर ब्लाउजपीसच्या टोकाचे दोन-चार धागे मागून जाळून पाहावेत. केस जळल्यासारखा वास येऊन बोटांत राख चुरली तर रेशीम. वितळून कडक गोळी झाली तर कृत्रिम धागा.

पैसे देण्याआधी साडी पूर्ण उलगडून उजेडापुढे धरायला सांगा. तुटलेल्या तारांची उभी रेघ, दोन काठांच्या रुंदीतला फरक, मागाच्या तेलाचे डाग आणि ओढली गेलेली जर हे दोष घडीत दिसत नाहीत. हे बघून झाल्याशिवाय फॉल-पिको करायला देऊ नये. एकदा सुई लागली की साडी बदलून मिळत नाही. सहावारीत साडेपाच मीटर साडी आणि वर ब्लाउजपीस असतो, तो सकट की वेगळा हे मोजून घ्यावे. नऊवारीला सुमारे सव्वाआठ मीटर लागते आणि तयार मिळण्याची शक्यता कमी, ती आधी सांगून विणून घ्यावी लागते.

विणून घेताना लोक रंगात फसतात. एकाच ताण्यावर एकापेक्षा जास्त साड्या निघतात, त्यामुळे मागावर ताणा चढलेला असला की ताण्याचा रंग बदलता येत नाही, फक्त बाण्याचा बदलतो. फोनवर पाठवलेला जांभळा आणि हिरव्या ताण्यावर उतरलेला जांभळा एक नसतात. म्हणून फोटो न पाठवता रेशमाच्या धाग्याचा किंवा कापडाचा तुकडा द्या आणि ताणा कोणत्या रंगाचा आहे ते विचारा. कागदावर लिहून घ्यायचे ते असे: काठाचा प्रकार, पदर किती इंचांचा, बुट्टे कोणते आणि किती अंतरावर, जर कोणती, ब्लाउजपीसला काठ-बुट्टा आहे की नाही, तारीख आणि आगाऊ रक्कम. लग्नासाठी हवी असेल तर तुळशीच्या लग्नाच्या बरेच आधी सांगा. त्यानंतर सगळ्यांचीच घाई सुरू होते आणि पदराची नक्षी घाईत आखडली जाते.

दुकानासाठी किंवा परदेशातल्या मंडळाच्या प्रदर्शनासाठी माल उचलणाऱ्यांना थोडे हिशेबाचे. साडी शिवलेल्या कपड्यांत मोडत नाही, कापडात धरली जाते. जीएसटी ५ टक्के. राज्यातल्या राज्यात एक लाखावर आणि राज्याबाहेर पन्नास हजारांवर मालाची किंमत गेली की ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला, लागते. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख कुणालाही घेता येत नाही. व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवायचा असेल तर एकाला एका दिवसात दहा हजारांवर रोख देऊन उपयोग नाही. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असलेल्या विणकराचे पैसे लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत चुकते करा. उशीर झाला तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च प्राप्तिकरात वजा मिळत नाही. उधारीवर माल नेऊन सहा महिने लटकवण्याची जुनी रीत त्यामुळे आता नेणाऱ्यालाही महाग पडते, आणि ते बरेच झाले.

घासाघीस करावी, पण जपून. ठरलेल्या भावाच्या दुकानात ती चालत नाही. विणकराच्या घरी तिचा अर्थ त्याची मजुरी कापणे एवढाच होतो. दोन-तीन साड्या एकत्र घेणाऱ्याला सूट सहज मिळते.

तालुक्याच्या कचेऱ्यांत काम असेल तर शनिवार-रविवार सोडा. राज्य सरकारचा आठवडा २०२० पासून पाच दिवसांचा आहे. सातबाऱ्यासाठी मात्र येवल्यापर्यंत यायची गरज नाही, डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत ऑनलाइन निघतो. माग बसवायला गाळा भाड्याने घेणार असाल तर लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. शंभराच्या स्टॅम्पवर भागत नाही, मुद्रांक शुल्क भाडे आणि अनामत रकमेवर ठरते. कांद्यात रस असणाऱ्यांनी सकाळी बाजार समितीचा किंवा अंदरसूलच्या उपबाजाराचा लिलाव जरूर बघावा. ट्रॉलीतला कांदा हातात घेऊन काही क्षणांत भाव ठरतो. खरेदीचा परवाना नसेल तर तिथे फक्त बघायचे.

गाव पाहायला दोन तास पुरतात. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच गावातल्या परिषदेत धर्मांतराची घोषणा केली, ती जागा मुक्तिभूमी. दरवर्षी त्या तारखेला तिथे मोठी गर्दी होते. अभिवादनाला यायचे तर त्या दिवशी या, खरेदीसाठी मात्र नको. तात्या टोपे यांचा जन्मही येवल्याचाच. पेशवाईत हे गाव विंचूरकर सरदारांच्या जहागिरीत होते. हातात आणखी अर्धा दिवस असेल तर मनमाडच्या वाटेवरचे अंकाई-टंकाई हे जोडकिल्ले करा. खाली जैन लेणी आणि अंकाईवर अगस्ती ऋषींचे स्थान. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत वर पोचावे आणि पाणी माणशी दोन लिटर तरी न्यावे. राजापूर-ममदापूरच्या माळावर काळवीट आहेत, ते पहाटे किंवा उन्हे कलल्यावर दिसतात.

संक्रांतीला भोगीपासून करीपर्यंत तीन दिवस सगळे गाव गच्चीवर असते. पतंगाचा मांजा इथे फिरकीवर गुंडाळत नाहीत, आसारी नावाच्या वेगळ्या रिळावर गुंडाळतात. या तीन दिवसांत खरेदीला येऊ नये, उत्सवाला यावे. दुचाकीवर असाल तर गळ्याला जाड रुमाल बांधाच. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी तो दिसतो. रंगपंचमीला टिळक मैदानाच्या बाजूला रंगाचे सामने होतात, त्या दिवशी नवीन साडीची पिशवी घेऊन तिकडे फिरकू नका.

साडी घरी नेल्यावर प्लास्टिकच्या पिशवीतून काढून धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. अत्तर किंवा स्प्रे जरीवर पडू देऊ नका, ती काळी पडते. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकता कामा नयेत. घडी दोन-तीन महिन्यांनी बदला, नाहीतर रेशीम घडीच्या रेषेवरच चिरते. पहिली धुलाई ड्रायक्लीनच.